पाहुणा मोकळा, घर मालकाचे

मागच्या काही महिन्यांत आमच्या अभ्यासिकेत येणारी मुलेमुली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आहेत. लिनक्स खुले आहे, फुकट आहे, मग ते एका अमेरिकन कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या पोटात का चालवायचे? आणि चळवळीतले आमचे जुने सहकारी विचारतात, हे सगळे ठीक, पण याचा आपल्या लढ्याशी संबंध काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोन्हींच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे, म्हणून त्यांची उत्तरे एकत्रच द्यावी लागतील.

आधी शब्द समजून घेऊ. साधारणपणे एका संगणकावर एका वेळी एकच ऑपरेटिंग सिस्टीम चालते. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे त्याच एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे उभी करणे. ही यंत्रे ज्या थरावर उभी राहतात त्याला हायपरवायझर म्हणतात. खालच्या यंत्रणेला होस्ट म्हणजे यजमान म्हणतात आणि आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमला गेस्ट म्हणजे पाहुणा. पाहुण्याला वाटते की आपली स्वतःची डिस्क आहे, स्वतःची मेमरी आहे, स्वतःचे नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात यजमान त्याला सगळे मोजून वाढत असतो. या धंद्यातले सर्वांत मोठे नाव व्हीएमवेअर. ही कंपनी १९९८ साली स्थापन झाली आणि १९९९ मध्ये तिचे वर्कस्टेशन हे पहिले उत्पादन आले. तिच्या घरात आज डेबियन, उबुंटू, रॉकी लिनक्स असे खुले पाहुणे सुखाने नांदतात. आपल्या सी-डॅकने डेबियनवर आधारून तयार केलेले बॉस लिनक्सही त्यात चालते.

आपल्याकडे पाहुण्याचा मान मोठा असतो. त्याला आधी वाढतात, चांगली सतरंजी देतात. पण घराच्या उताऱ्यावर त्याचे नाव नसते. हा सगळा लेख त्या उताऱ्याविषयी आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या काळात चिंचवड, भोसरी, आकुर्डी हा भाग कारखान्यांनी भरला. नंतर चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आल्या आणि त्यांच्यामागे सुटे भाग बनवणारे शेकडो लहानमोठे कारखाने आले. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून आपली माणसे इथे पोटासाठी आली. त्यांची दुसरी-तिसरी पिढी आज आयटीआय, डिप्लोमा करून कंपनीच्या बसमध्ये बसते, पण हातातले ओळखपत्र कंपनीचे नसते, कंत्राटदाराचे असते.

लाइनवर उभा असलेला असा एक मुलगा दिवसभर हातातल्या स्कॅनरने पार्टवरचा बारकोड वाचतो. बीप वाजला की पार्ट पुढे जातो. तो बीप कुठे जातो? कारखान्याच्या एका थंड खोलीत सर्व्हर असतो. पुष्कळ ठिकाणी त्या सर्व्हरवर मालकीचा हायपरवायझर असतो, त्याच्या आत लिनक्सचा पाहुणा असतो आणि त्या पाहुण्यावर डेटाबेस चालतो. तो पाहुणा बसला की बीप बंद, लेबल छपाई बंद, डिस्पॅच बंद. मग सुपरवायझरपासून मॅनेजरपर्यंत सगळे पळत सुटतात. सगळी लाइन ज्या खोलीवर चालते त्या खोलीत आपली मुले किती आहेत? आमच्या ओळखीत तरी बोटांवर मोजण्याइतकी. स्कॅनर आपल्या हातात आणि सर्व्हर दुसऱ्याच्या, ही विभागणी आपोआप झालेली नाही. घरी संगणक कोणाकडे आधी आला, इंग्रजी मॅन्युअल वाचायला कोणाला शिकवले गेले, महागड्या सर्टिफिकेटची फी कोण भरू शकले, यातून ती झाली आहे. तिला नंतर मेरिट असे नाव दिले जाते.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. संगणकाचे औपचारिक शिक्षण आमच्याकडे नाही. जे शिकलो ते मुलांसोबत रात्री बसून, मॅन्युअलची पाने डोळ्यांखालून घालून शिकलो. अभ्यासिकेसाठी वर्गणी काढून चार कोअरचा, १६ जीबी मेमरीचा एक जुना डेस्कटॉप घेतला. त्यावर विंडोज आधीच होते आणि टायपिंग व एमएस-सीआयटी करणाऱ्यांना ते लागते, म्हणून ते तसेच ठेवले. त्याच्यावर व्हीएमवेअर वर्कस्टेशन घातले. मे २०२४ पासून ते वैयक्तिक वापरासाठी आणि नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांसाठी मोफत आहे. त्यात तीन पाहुणे उभे केले. एक डेबियन, एक उबुंटू, एक रॉकी. प्रत्येकाला दोन जीबी मेमरी आणि वीस जीबीची डिस्क. ग्राफिकल डेस्कटॉप घातला नाही, कारण कारखान्यातल्या सर्व्हरवर तो सहसा नसतो आणि मेमरीही वाचते. एकच गोष्ट आधी करावी लागते. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू करायची. अनेक जुन्या यंत्रांत ती बंद असते आणि मग ६४ बिटचा पाहुणा उठतच नाही.

खुल्या पाहुण्याला या घरात त्रास होत नाही, हे मान्य केले पाहिजे. यजमान आणि पाहुणा यांच्यात घड्याळ जुळवणे, व्यवस्थित शटडाऊन करणे, आयपी पत्ता सांगणे ही कामे करणारी साधने व्हीएमवेअरने २००७ मध्ये खुली केली. ओपन-व्हीएम-टूल्स या नावाने ती आज बहुतेक लिनक्सच्या भांडारातच मिळतात. आभासी नेटवर्क कार्ड आणि डिस्क यांचे ड्रायव्हर २००९-१० पासून मूळ लिनक्स कर्नेलमध्ये आहेत. त्यामुळे डेबियन घातले की नेटवर्क लगेच दिसते. मराठी अक्षरांसाठी लोहित हा खुला देवनागरी फॉन्ट एका आज्ञेत येतो.

पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट स्नॅपशॉट ही आहे. पाहुण्याची आत्ताची स्थिती जपून ठेवायची आणि काही बिघडले तर एका क्लिकमध्ये तिथे परत यायचे. ज्याच्या घरी दोन लॅपटॉप आहेत तो एक बिघडवून शिकतो. आपल्या वस्तीत पंधराजणांत एक संगणक असतो आणि त्याला हात लावताना प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो. डिप्लोमाच्या एका मुलीने सगळ्या सेटिंग्ज ठेवलेले फोल्डर मुद्दाम पुसून टाकले, पुढे काय होते ते बघायला. पाहुणा बसला. दोन मिनिटांत तो पुन्हा उभा केला आणि तिने पुन्हा पुसले. बिघडवून शिकण्याची ही मुभा वरच्या वर्गाला जन्माने मिळते. आपल्याला ती अशी साधनांतून मिळवावी लागते.

मग अडचण कुठे आहे? ती उताऱ्यात आहे. दोन घटना शेजारी ठेवून बघा.

पहिली घटना पाहुण्याची. सेंटॉस नावाचे लिनक्स हजारो कंपन्या विनामूल्य सर्व्हर म्हणून वापरत होत्या. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले की सेंटॉस ८ ची देखभाल २०२९ पर्यंत नव्हे, तर २०२१ अखेरच संपेल. एका निर्णयाने आठ वर्षे कापली गेली. पण मूळ संहिता खुली होती. लोकांनी ती उचलली आणि २०२१ सालीच अल्मा लिनक्स आणि रॉकी लिनक्स असे दोन नवे पर्याय उभे केले. आमच्या डेस्कटॉपवरचा तिसरा पाहुणा त्यातलाच एक.

दुसरी घटना यजमानाची. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली. आता वर्गणी भरायची, तीही प्रोसेसरमधल्या कोअर मोजून, आणि एका प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. प्रोसेसर आठच कोअरचा असला तरी पैसे सोळांचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्व्हरवर चालणाऱ्या त्यांच्या ईएसएक्सआय या हायपरवायझरची मोफत आवृत्ती बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा दिली गेली. बंद करताना कोणाला विचारले नाही, देतानाही विचारले नाही. जगभरच्या ग्राहकांनी तक्रारी केल्या, पण सेंटॉससारखे दुसरे घर बांधणे कोणाला शक्य नव्हते, कारण विटा कोणाच्या हातात नव्हत्या. आत राहणारे लिनक्स तेव्हाही पूर्ण खुले होते. त्याचा परवाना एका अक्षराने बदलला नव्हता. तरी भाडे वाढलेच.

मित्रांनो, सवलत आणि हक्क यांत काय फरक असतो, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायची गरज नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले, पण पाण्याला आपला हात लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले तेव्हा तो कागद जिवंत झाला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. न्यायालयातला निकाल लागायला १९३७ उजाडले. सॉफ्टवेअर आणि पाणी यांची बरोबरी आम्ही करत नाही. तो माणूसपणाचा लढा होता, हे एक साधन आहे. पण त्या इतिहासातून दोन गोष्टी कायमच्या कळतात. देणाऱ्याच्या मर्जीवर असलेले खुलेपण देणारा मागे घेऊ शकतो. आणि हक्क असूनही तो वापरायला कोणी गेले नाही तर तो कागदच राहतो.

या कसोटीवर आपला डेस्कटॉप तपासा. वर्कस्टेशन मोफत मिळते ही सवलत आहे. डेबियनची संहिता वाचणे, बदलणे, वाटणे, बदललेले वाटणे हा परवान्याने दिलेला हक्क आहे. दोन्हींची किंमत आज शून्य रुपये, म्हणून दोन्ही सारखी वाटतात. पण किंमत आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुकट आणि मुक्त यांच्यात गल्लत करणारा माणूस पुढे भाड्याच्या दिवशी सापडतो.

यावर एक आक्षेप येतो. खुल्या संहितेवर कष्ट करणाऱ्यांचाही मालक फायदा घेतोच ना? घेतो, आणि याचा खटलाही झाला आहे. ख्रिस्तोफ हेलविग या लिनक्स कर्नेलच्या प्रोग्रॅमरने मार्च २०१५ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गच्या न्यायालयात व्हीएमवेअरविरुद्ध दावा लावला. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही संस्था त्याच्या पाठीशी होती. म्हणणे असे की लिनक्सची संहिता ईएसएक्सआयच्या आत वापरली आहे, मग परवान्यानुसार त्याला जोडलेली संहिताही खुली करा. २०१६ मध्ये दावा फेटाळला गेला आणि २०१९ मध्ये अपीलही. कारण काय? परवान्याचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. नेमक्या कोणत्या ओळी त्याच्या, त्यांत त्याची स्वतःची निर्मिती किती, आणि त्या या उत्पादनात कुठे आहेत, हे पुरेसे दाखवले गेले नाही, असे न्यायालयाने धरले. नंतर कंपनीने तो वादग्रस्त भाग आपल्या नव्या आवृत्तीतून काढून टाकला.

हे वाचताना आम्हाला हॅम्बुर्गपेक्षा चाकणच जास्त आठवले. २४० दिवस भरायच्या आत ब्रेक मिळालेला मुलगा हक्क मागायला जातो तेव्हा त्यालाही हेच विचारतात. तू इथे काम केल्याचा पुरावा काय? नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही, हजेरी कंत्राटदाराच्या वहीत. गाडीतला कोणता नटबोल्ट त्याने आवळला हे तो कसा दाखवणार? गाडी रस्त्यावर धावते आहे, एवढाच काय तो पुरावा. श्रम सामूहिक असतो आणि पुरावा मात्र एकेकट्याला मागितला जातो, ही मालकाची जुनी युक्ती. म्हणून आम्ही मुलांना दोन सवयी लावतो. नोकरीत हजेरीचे, पगाराचे, गेटपासचे फोटो जपून ठेवा. आणि संगणकावर जे काही लिहाल ते पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाने गिटमध्ये नोंदवा, प्रत्येक बदल का केला याच्या एका ओळीसह. नुसते नाव पुरत नाही, आपले काम नेमके कोणते ते सांगता आले पाहिजे, हा हॅम्बुर्गचा धडा.

दुसरा आक्षेप आमच्याच काही साथींचा. मग मालकीचे सॉफ्टवेअर काढूनच टाका, लिनक्सच यजमान करा. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. लिनक्सच्या कर्नेलमध्ये २००७ पासून केव्हीएम हा स्वतःचा हायपरवायझर आहे आणि त्यावर प्रॉक्समॉक्ससारखी व्यवस्थापनाची खुली साधने आहेत. पण आमच्यासमोरच्या मुलाला उद्या मुलाखतीला जायचे आहे आणि जाहिरातीत व्हीएमवेअरचा अनुभव मागितला आहे. त्याच्या सर्टिफिकेटचा खर्च त्याच्या हातात येणाऱ्या महिन्याच्या पगाराहून जास्त आहे. ज्या घरात पुढच्या महिन्याचे भाडे थकलेले असते तिथे केवळ तत्त्वशुद्धतेचे प्रवचन देणे हा सुखवस्तूंचा उद्योग आहे. त्याला ते घर आतून माहीत असलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की त्याला दारही माहीत असले पाहिजे.

म्हणून आमच्या वर्गात शेवटचा धडा पाहुणा घराबाहेर काढण्याचा असतो. सगळे स्नॅपशॉट आधी मिटवायचे, म्हणजे डिस्क एकसंध होते. पाहुणा व्यवस्थित बंद करायचा. त्याची व्हीएमडीके प्रकारची डिस्क फाइल क्यूईएमयूच्या इमेज साधनाने क्यूकाऊ-२ या प्रकारात बदलायची. ही आज्ञा एका ओळीची आहे. मग केव्हीएमवर नवे आभासी यंत्र करून त्याला ही डिस्क जोडायची. जुने यंत्र बायोसवर उठत असेल तर नवेही बायोसवर, यूईएफआयवर उठत असेल तर तसेच. इथे दोन अडथळे हमखास येतात. नेटवर्क कार्डाचे नाव बदलते. वर्कस्टेशनमध्ये ते ईएनएस-३३ असते, नव्या घरात दुसरेच होते, आणि सेटिंगमध्ये जुने नाव राहिले तर पाहुणा मुका होतो. दुसरे, रॉकीसारख्या पाहुण्यात सुरुवातीला लागणारे व्हर्ट-आयओ ड्रायव्हर आधीच सामील करून ठेवावे लागतात, नाहीतर त्याला स्वतःची डिस्क दिसत नाही. शेवटी जुनी साधने काढून क्यूईएमयूचा गेस्ट एजंट घालायचा. आमच्याकडचा डेबियन या वाटेने जुन्या लॅपटॉपवरच्या केव्हीएममध्ये गेला आणि पहिल्या दिवसापासून तिथे नीट चालतो आहे.

हे जमते ते पाहुणा खुला आहे म्हणूनच. कर्नेलमध्ये दोन्ही घरांचे ड्रायव्हर आहेत आणि घर बदलले म्हणून परवाना कोणी पुन्हा मागत नाही. म्हणजे मालकाच्या घरात खुला पाहुणा ठेवणे निरर्थक नाही. उलट तोच आपला बाहेर पडण्याचा हक्क आहे. फक्त तो हक्क वापरायचा सराव हवा. भाडे वाढल्याची नोटीस आल्यावर वाट शोधणारा अडकतो. आधी एकदा चालून बघितलेली वाट अंधारातही सापडते.

यातून काय साधले, असे विचाराल तर फुगवून सांगणार नाही. सात महिन्यांनी ब्रेक मिळालेला एक मुलगा त्या रिकाम्या काळात हे सगळे शिकला. आज तो भोसरीच्या भागात एका लहान फर्ममध्ये कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. काम बदलले, पगार थोडा वाढला, कंत्राट मात्र तसेच आहे. तंत्रज्ञान शिकले की शोषण संपते, हा भ्रम आम्ही विकत नाही. कंत्राटी प्रथेशी लढायला संघटनाच लागते आणि ती दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. पण फरक एक पडला. परवा त्याच्या फर्मच्या एका ग्राहकासमोर वर्गणी वाढल्याचा प्रश्न आला तेव्हा दुसऱ्या घराची वाट कोणाला माहीत आहे, असे विचारले गेले. खोलीत हात वर करणारा तो एकटाच होता.

आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे, बहुतेक विहारांना लागून अभ्यासिका आहे. तिथे स्पर्धा परीक्षेची पुस्तके आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. त्यांच्या शेजारी एक जुना डेस्कटॉप ठेवा. १६ जीबी मेमरी पुरते, आठमध्येही एक पाहुणा चालतो. मालकीच्या घरात खुला पाहुणा उभा करा, त्याला बिघडवा, दुरुस्त करा आणि महिन्याभरात त्याला दुसऱ्या घरात हलवून दाखवा. मुलींना पुढे बसवा, कारण रात्री घरी लवकर जावे लागते म्हणून की-बोर्डपर्यंत त्यांचा नंबरच येत नाही. जे शिकाल ते मराठीत लिहून ठेवा आणि शेजारच्या वस्तीला द्या. ज्या अभ्यासिकांना सुरुवात करायची आहे त्यांनी कळवावे. रविवारी दुपारी पहिली शिफ्ट सुटल्यावर आम्ही येऊ आणि सोबत तयार पाहुण्यांची हार्ड डिस्क आणू.

जय भीम.